आई-बाबांचा शेंगेन व्हिसा: शेतीचं उत्पन्न, आयटीआर नाही. एजंट करावा का?

सदाफुली | ११ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

मी सिंहगड रोडला राहते. धाकटा भाऊ जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. मे महिन्यात आई-बाबांना त्याच्याकडे घेऊन जायचं घाटतंय, म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) लागेल. मी, नवरा आणि ते दोघं. दोन आठवडे भावाकडे आणि जमलं तर पुढे चार दिवस इटली.

आम्हा दोघांचं सोपं आहे. नोकरी आहे, सॅलरी स्लिपा आहेत, ऑफिसचं रजेचं पत्र मिळेल. प्रश्न आई-बाबांचा आहे. बाबा जुन्नर तालुक्यात शेती करतात. बागायत आहे: कांदा, टोमॅटो, थोडा ऊस, शिवाय गोठ्यात दोन गाई. आयटीआर (आयकराचं रिटर्न) कधी भरला नाही, कारण शेतीशिवाय दुसरं उत्पन्नच नाही. पैसे थोडे जिल्हा बँकेत, थोडे गावच्या पतसंस्थेत ठेवीत. त्यात आईचं नाव पासपोर्टवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं.

एका एजंटकडे जाऊन आलो. ते म्हणाले, शेतकऱ्यांना व्हिसा मिळत नाही, पण मी फाइल बनवून देतो. म्हणजे काय, तर खात्यात पाच लाख फिरवायचे, तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरायचे आणि बाबांना 'व्यावसायिक' दाखवायचं. बाबांनी तिथेच सांगितलं, "मी शेतकरी आहे, तसंच लिहा. नाही दिला तर राहिलं." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं, पण भीतीही वाटते. आईने कधी विमानात पाय ठेवलेला नाही आणि नातवाला तिने अजून फोनवरच पाहिलंय.

शेतकरी आई-वडिलांचा व्हिसा कुणी स्वतः अर्ज करून काढलाय का? कागद कोणते लावले?

टेकडीवाला | ११ जानेवारी, रात्री ९:३०

त्या एजंटाच्या पायऱ्या पुन्हा चढू नका. बाबांचं बरोबर आहे.

पेठकर | ११ जानेवारी, रात्री १०:०५

सगळेच एजंट तसे नसतात हो. आमच्या सासऱ्यांचं काम करणाऱ्या बाईंनी फॉर्म भरला, अपॉइंटमेंट घेतली, कागद क्रमाने लावून दिले आणि ठरलेले पैसे घेतले. खोटं एक अक्षर नाही. ज्यांना ऑनलाइन फॉर्मची धास्ती वाटते त्यांनी असा माणूस जरूर करावा. फक्त दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. सही करण्याआधी भरलेला फॉर्म स्वतः वाचायचा आणि फाइलमधल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याकडे ठेवायची. जो एजंट फाइल दाखवायला का-कू करतो, त्याच्याकडून उठून यायचं.

टेकडीवाला | ११ जानेवारी, रात्री १०:२०

पेठकर, मान्य. माझा राग फॉर्म भरणाऱ्यांवर नाही, पैसे फिरवणाऱ्यांवर आहे. फॉर्मवर सही अर्जदाराची असते, एजंटाची नाही. बनावट कागद सापडला तर ती नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसणाऱ्या व्हिसा प्रणालीत राहते. यूकेला फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत बंदी येते, अमेरिकेत तर कायमची अपात्रता. एजंट दुकान बदलतो, पासपोर्ट आपलाच राहतो.

निवृत्त_रोखपाल | १२ जानेवारी, सकाळी ७:४८

सदाफुली ताई, माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, म्हणून खात्याच्या उताऱ्याबद्दल सविस्तर लिहितो.

उतारा वाचणारा माणूस शिल्लक सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो पैसा कुठून येतो, कशावर जातो आणि शिल्लक त्या चालीला धरून आहे का. वर्षभर तीस-चाळीस हजारांवर असणारं खातं अर्जाच्या आदल्या पंधरवड्यात अचानक साडेपाच लाखांवर गेलं, तर ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नोंदीतच लिहिलेलं असतं: रोख भरणा की आरटीजीएस, आणि कुणाकडून. तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरले तरी पोचपावतीवर भरल्याची तारीख छापलेली असते.

शेतकऱ्याच्या खात्याची चाल वेगळी असते आणि ती युरोपातल्या माणसाला कळावी हे आपलं काम. चार महिने काही नाही, मग कांदा निघाला की एकदम दोन लाख. हे खरं आहे, पण समजावून सांगावं लागतं.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती हमखास सुटते. मार्चअखेर पीककर्ज नवं-जुनं केलं जातं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात व्याज पडत नाही, म्हणून लोक ३१ मार्चच्या आत भरतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलतात. उताऱ्यावर ते कसं दिसतं? मार्चमध्ये मोठी रक्कम आली, लगेच गेली, एप्रिलमध्ये पुन्हा मोठी रक्कम आली. परक्या माणसाला वाटेल की पैसे फिरवलेत. तुमच्या बाबांच्या खात्यात अशा नोंदी असतील तर त्या नोंदींसमोर खूण करा, कव्हरिंग लेटरमध्ये एका वाक्यात लिहा की ही पीककर्जाची परतफेड आणि नवी उचल आहे, आणि पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा कर्जखात्याचा दाखला जोडा.

पासबुकाची झेरॉक्स देऊ नका. बँकेकडून छापील उतारा, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही. पतसंस्थेच्या ठेवी दाखवा, पण आधार म्हणून. मुख्य खातं बँकेचंच हवं. पतसंस्थेकडून लेटरहेडवर इंग्रजीत दाखला मागा: ठेवीदाराचं नाव, पावती क्रमांक, रक्कम, मुदत. सचिवांनी इंग्रजीची अडचण सांगितली तर मजकूर तुम्ही टाइप करून न्या, ते सही-शिक्का करतील.

चाफेकळी | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

रोखपाल काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवला. आमच्या गावाकडच्या सगळ्यांना पाठवते.

इंद्रायणीकाठ | १२ जानेवारी, दुपारी १:२०

आमचे आई-वडील खेडचे, शेतकरी, आयटीआर नाही. गेल्या वर्षी बहिणीकडे नेदरलँड्सला जाऊन आले. अर्ज आम्हीच केला. त्यामुळे 'शेतकऱ्यांना मिळत नाही' हे सरळ खोटं आहे.

शेतीचं उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे करमुक्त आहे. दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरायची सक्ती नाही. आम्ही सीएंकडून त्यांच्या लेटरहेडवर हेच दोन ओळींत लिहून घेतलं. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

मग शेतीचे कागद. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) महाभूमीच्या पोर्टलवर मिळतो, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. जर्मनीसाठी जर्मनच हवं असं काही नाही, इंग्रजी चालतं.

सगळ्यात उपयोगी पडल्या त्या बाजार समितीतल्या आडत्याच्या हिशोबपट्ट्या. वडिलांनी त्या जुन्या डायरीत टाचणीने लावून ठेवल्या होत्या. पट्टीवर तारीख असते, किती गोणी, वजन, भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम. तीच रक्कम दोन-तीन दिवसांनी खात्यात जमा दिसते. आम्ही एका पानावर तक्ता केला: तारीख, पीक, पट्टीवरची रक्कम, खात्यातली नोंद, उताऱ्याचा पान क्रमांक. डेअरीचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी जमा व्हायचा, तो वेगळ्या रंगाने खुणावला. पीएम किसानचे २००० रुपयेही दिसत होते, ते तसेच राहू दिले. लपवायचं काय त्यात?

तेवढा एक तक्ता वाचला की माणूस काय करतो, कधी पैसे मिळवतो, सगळं समजतं. सदाफुली, नारायणगावच्या बाजारात तुमच्या बाबांचा टोमॅटो जात असेल तर अशा पट्ट्या घरी नक्की असतील. नसतील तर आडत्याकडे मागा, त्यांच्या वहीत नोंद असते.

उसाची_मुळी | १२ जानेवारी, दुपारी १:४५

जुन्नरचे बिबटे बरे, कुठल्याही व्हिसाशिवाय उसातून थेट अंगणात. :)

नेकारकाठ | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

मी श्टुटगार्टमध्येच राहतो, म्हणून भावाच्या बाजूने करायचं लिहितो.

साधं आमंत्रणपत्र भाऊ देईलच. पण आई-वडिलांचं उत्पन्न हंगामी असेल तर त्याने इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र काढावं. त्याला 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात. भाऊ पाहुण्यांचा राहण्या-जेवण्याचा आणि दवाखान्याचा खर्च कायद्याने अंगावर घेतो. शुल्क २९ युरो. त्याच्या पगाराच्या पावत्या, घराचा करार, निवासपरवाना बघून ते देतात. मूळ प्रत भारतात कुरियरने पाठवावी लागते, कारण अर्जासोबत मूळ प्रत दाखवायची असते.

आजच त्याला अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. मोठ्या शहरांत या कार्यालयांना गर्दी फार असते, आठवडे जातात. तुमच्या वेळापत्रकात सगळ्यात जास्त वेळ इथे जाईल.

सदाफुली | १२ जानेवारी, रात्री ८:५०

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! भावाला आत्ताच फोन केला, तो उद्या कार्यालयाला ईमेल टाकतोय. हिशोबपट्ट्यांबद्दल बाबांना विचारलं तर म्हणाले, "पत्र्याच्या पेटीत तीन वर्षांच्या आहेत, पण त्या कोण बघणार?" म्हटलं, जर्मनीचं सरकार बघणार. खूप हसले.

काका, पीककर्जाच्या नोंदी आहेत. मार्चमध्ये भरलं, एप्रिलमध्ये उचललं, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच.

झटपट | १२ जानेवारी, रात्री ९:२५

एक युक्ती सांगू का? जर्मनीच्या अपॉइंटमेंट मिळत नसतील तर ज्या देशाची लवकर मिळते तिथे अर्ज करा. शेंगेन व्हिसा एकच आहे, कुठूनही शिरता येतं. आमच्या सोसायटीतले बरेच जण असंच करतात.

टेकडीवाला | १२ जानेवारी, रात्री ९:४०

झटपट, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. नियम स्पष्ट आहे: जिथे सगळ्यात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम समान असतील तर जिथून पहिला प्रवेश, तो देश. सदाफुलींचे दोन आठवडे जर्मनीत आणि चार दिवस इटलीत, म्हणजे अर्ज जर्मनीकडेच. दुसऱ्या देशाकडे करायचा तर खोटा प्रवास-आराखडा द्यावा लागेल, खोटी हॉटेलं दाखवावी लागतील. आणि विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो की व्हिसा दुसऱ्या देशाचा असताना सगळा मुक्काम इथे कसा. पहिल्यांदा निघालेल्या, इंग्रजी फारसं न येणाऱ्या आजी-आजोबांना त्या प्रसंगात ढकलायचं का?

झटपट | १२ जानेवारी, रात्री ९:५५

हा विचार केला नव्हता. वयस्कर माणसांसाठी नकोच.

नेकारकाठ | १३ जानेवारी, पहाटे १:१०

तरुणांसाठीही नकोच. :)

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत. उन्हाळी सुट्टीची गर्दी मार्चपासून उसळते. मेमध्ये यायचं तर फेब्रुवारीत फाइल जमा झालेली बरी. आणि विमानाचं फक्त आरक्षण जोडा. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

गच्चीवरची_तुळस | १३ जानेवारी, सकाळी ११:०२

आईच्या नावाचा मुद्दा कुणी घेतला नाही, तो मी घेते. माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपल्याकडे लग्नात बाईचं आडनावच नाही, पूर्वी पहिलं नावही बदलायचे. माझ्या सासूबाईंचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, सातबाऱ्यावर शेवटी 'बाई' लागलेलं आणि आधारवर स्पेलिंगच निराळं. चार कागद, चार बायका. यात त्यांचा दोष काय? प्रत्येक वेळी समोरच्या कारकुनाने जे लिहिलं ते त्यांच्या माथी बसलं. आणि आता साठीनंतर 'मी तीच आहे' हे त्यांनीच सिद्ध करायचं. मला याचा फार संताप येतो.

उपाय आहे. पासपोर्टवरचं नाव हेच प्रमाण धरायचं. अर्ज, विमा, तिकीट, हमीपत्र, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच. ज्या कागदावर नाव वेगळं आहे त्याच्यासाठी 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून नोटरी करायचं. त्यात सगळी नावं आणि ती ज्या-ज्या कागदावर आहेत ते कागद लिहायचे. सोबत विवाहनोंदणीचा दाखला. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जास्त भक्कम. जुनी लग्नं बरीच नोंदवलेलीच नसतात, पण ग्रामपंचायतीत आताही नोंदणी करता येते.

भावाला बजावून सांगा की हमीपत्रात आईचं नाव पासपोर्ट समोर ठेवूनच टाइप करायचं, मनाने नाही.

चाफेकळी | १३ जानेवारी, सकाळी ११:३०

तुळशीताई, प्रचंड अनुमोदन. आणि मधल्या नावाचा घोळ! पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये नवऱ्याचं नाव असतं आणि तिकिटावर मुलं ते गाळतात. पासपोर्टच्या रकान्यात जे आहे ते सगळं तिकिटावर यायला हवं.

बीकेसीची_रांग | १३ जानेवारी, दुपारी ३:१५

थोडं अवांतर, पण हा धागा वाचताना अमेरिकेच्या व्हिसाची आठवण आली. तिथे सगळं उलटं. शेंगेनला फाइल बोलते, अमेरिकेला माणूस. डीएस-१६० फॉर्म नीट भरायचा, १८५ डॉलर शुल्क, आधी बोटांचे ठसे आणि मग मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. आईने दोन किलो कागद नेले होते. अधिकाऱ्याने एकही मागितला नाही. मुलीकडे का जाताय, किती दिवस, इथे घरी कोण आहे, झालं. आणि मुलाखत मराठीतून देता येते. आई मराठीत इतकं मोकळं बोलली की काचेपलीकडच्या बाईही हसल्या.

पुण्याहून जाणाऱ्यांनी सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुंबई गाठावी. डेक्कन क्वीन इथून ७:१५ ला सुटते, तिच्या भरवशावर सकाळची मुलाखत होत नाही. आणि फोन, पिशव्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सोबत एक माणूस बाहेर थांबायला हवा.

निवृत्त_रोखपाल | १३ जानेवारी, दुपारी ४:००

बीकेसी तर आताचं. २०११ पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती. पावसाळ्यात समुद्राचा वारा आणि बाहेर फुटपाथवर रांग. ती इमारत मुळात वांकानेरच्या महाराजांची. २०१५ मध्ये आपल्या पुण्याच्या सायरस पूनावालांनी ती ७५० कोटींना घेण्याचं ठरल्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. ज्या दारात आपण रांगा लावल्या, ते पुणेकराने विकत घ्यायला काढलं, याचं आम्हा मित्रमंडळींना फार कौतुक वाटलं होतं.

पेठकर | १३ जानेवारी, दुपारी ४:१०

काका, हे माहीतच नव्हतं. वा!

उसाची_मुळी | १३ जानेवारी, दुपारी ४:२५

मराठीतून मुलाखत असेल तर आमच्या आजोबांना पाठवायला हवं. अधिकाऱ्याला गावाला जेवायला बोलावूनच बाहेर येतील.

इंद्रायणीकाठ | १३ जानेवारी, रात्री ८:४०

परत शेंगेनकडे वळू. दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या.

बोटांचे ठसे. १२ वर्षांवरच्या सगळ्यांना द्यावे लागतात, त्यासाठी स्वतः जावं लागतं. जर्मनीची फाइल पुण्यातल्या केंद्रातच जमा होते, मुंबई गाठायची गरज नाही. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. पण शेतात काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आमच्या वडिलांचे उमटेनात. मशिनवरच्या मुलीने घाई केली नाही, ओल्या टिश्यूने बोटं पुसून पुन्हा घेतले, मग आले. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल तेल लावा, खुरपणी, कांदा कापणी टाळा. आईच्या हाताला मेंदी नको, ताजी चीर नको.

विमा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरून. व्हिसासाठी तेवढं पुरतं, पण बीपी-शुगर असेल तर आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचून घ्या. स्वस्त पॉलिसीत ते बहुतेक वगळलेलं असतं. बाबांची तब्येत अर्जापुरती नाही, प्रवासापुरती महत्त्वाची आहे.

दुसरी_बाजू | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

सगळे उत्साहात आहेत, पण नकार येऊ शकतो हेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या काका-काकूंना गेल्या वर्षी नकार आला. कागद खरे, मुलगा तिकडे चांगल्या नोकरीत, तरीही. पत्रावर खूण होती: मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका. माणसाच्या मनातला हेतू कुणी कसा ओळखायचा? ही पद्धत मला अन्यायाची वाटते. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या लेकराला भेटायला जाताना संशयाला उत्तर द्यावं लागतं.

आणि ९० युरो शुल्क नकारानंतर परत मिळत नाही. जर्मनीने तर १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोयही बंद केली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं.

टेकडीवाला | १४ जानेवारी, सकाळी ९:५०

अन्यायाची वाटते, पटलं. पण त्या नकारपत्रावर कारणाची खूण असते हीच पुढची वाट आहे. शेजाऱ्यांच्या फाइलमध्ये 'परत का येणार' याचं उत्तर होतं का? बहुतेक जण तिकडच्या मुलाची सगळी कागदपत्रं लावतात आणि इकडच्या आयुष्याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत.

दुसरी_बाजू | १४ जानेवारी, सकाळी १०:१०

नव्हतं. मुलाचा पगार, मुलाचं घर, मुलाचं पत्र, एवढंच होतं. काकांची स्वतःची पेन्शन आणि फ्लॅट होता, ते कुणी जोडलंच नाही. तुमचा मुद्दा त्यांना सांगतो. ते पुन्हा अर्ज करायच्या विचारात आहेत.

इंद्रायणीकाठ | १४ जानेवारी, दुपारी १२:३०

या बाबतीत शेतकऱ्याची बाजू नोकरदारापेक्षा भक्कम आहे. जमीन सोडून कोण राहतं? आम्ही कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहिलं होतं: रब्बीचा कांदा एप्रिलपर्यंत काढून बराखीत (कांदा साठवायच्या चाळीत) भरला जाईल, जूनच्या सुरुवातीला पाऊस पडताच खरिपाची पेरणी असते, म्हणून ठरल्या तारखेला परत येणं भाग आहे. मधल्या काळात जनावरं चुलत भाऊ बघेल. त्याच्या सहीचं दोन ओळींचं पत्रही जोडलं. सगळं खरं होतं, म्हणून लिहायला दहा मिनिटं लागली.

सदाफुली | १४ जानेवारी, रात्री १०:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. एजंट नाही. अर्ज आम्हीच करणार आणि बाबांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'शेतकरी' लिहिणार.

आज नवऱ्याने आणि मी मिळून बाबांच्या पट्ट्यांचा तक्ता करायला घेतला. बाबा फोनवरून एकेक पट्टी वाचून सांगत होते आणि प्रत्येकीची गोष्ट सांगत होते. या वेळी भाव पडला होता, या वेळी गाडी उशिरा पोचली. त्यांचं उत्पन्न इतक्या बारकाईने मी आजवर पाहिलंच नव्हतं. नोकरीतला पगार एकदा येतो. त्यांचा प्रत्येक रुपया वेगळा कमावलेला आहे. आता हे कागद मांडताना मला कसलाही संकोच वाटत नाही, अभिमानच वाटतो.

या वर्षी उन्हाळी टोमॅटो लावायचा नाही असं त्यांनी ठरवलंय, म्हणजे मे मोकळा.

दोनच शंका. एक, इटलीचे चार दिवस ठेवावेत की अर्ज सोपा करायला काढून टाकावेत? दोन, चौघांची फाइल एकत्र द्यायची की वेगळी?

नेकारकाठ | १५ जानेवारी, पहाटे १२:५०

इटली खरंच करणार असाल तर ठेवा, हॉटेल आणि रेल्वेचं आरक्षण जोडा. शेंगेनमध्ये २९ देश आहेत, शेजारच्या देशात चार दिवस जाणं कुणाला खटकत नाही. पण आईचे गुडघे दुखत असतील तर व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या आठवा. तेच चार दिवस इथे नातवासोबत आणि एक दिवस बोडनझेच्या तळ्याकाठी, असाही विचार करा.

अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र भरायचा, अपॉइंटमेंट चौघांची एकाच वेळेची घ्यायची. प्रत्येक फाइलमध्ये सगळ्यांचा एकच प्रवास-आराखडा, आणि तुमच्या फाइलमधून आई-बाबांशी नातं दिसेल असा तुमचा जन्मदाखला. भावाचाही लागेल, हमीपत्र त्याचं आहे. व्हिसा हातात आला की स्टिकरवरचे तीन रकाने लगेच तपासा: तारखा, मुक्कामाचे दिवस, किती वेळा प्रवेश. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मुक्कामात मोजला जातो.

आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून इथल्या विमानतळांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. पहिल्यांदा येणाऱ्यांचा तिथेच फोटो घेतात आणि व्हिसावाल्यांचे ठसे जुळवून बघतात, रांग हळू सरकते. पुढची जोडणारी विमानं किंवा गाड्या अगदी खेटून ठेवू नका. बाबांच्या बोटांचा प्रश्न तिथेही येईल, तेव्हा विमानात तेलाची छोटी बाटली जवळ ठेवा.

गच्चीवरची_तुळस | १५ जानेवारी, सकाळी ७:३०

जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे ते आधी बघा, ताई. तेही वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्रातच घालून टाका, म्हणजे नोटरीकडे दुसरी फेरी नको.

सदाफुली | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

बघितलं. वेगळं आहे. आजच मसुद्यात घालते.